‘दूध आणलंस का?’ इथूनच सुरुवात कर

संवादाचं विश्लेषण शिकायचं म्हणून लगेच जाडजूड परिभाषेत शिरू नकोस. घरातलं एकच वाक्य घे: ‘दूध आणलंस का?’

शब्दांपुरतं पाहिलं तर हा हो-नाहीचा प्रश्न. पण कोण कोणाला, कधी विचारतंय ते आधी वहीत लिही. मुलगा बाहेर असताना आईनं फोनवर विचारलं तर ती आठवण. तो रिकाम्या हातानं दारात उभा असताना विचारलं तर जाब. वाक्य तेच, काम वेगळं. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हाच भेद मांडला: म्हणणं, म्हणण्यातून काही करणं आणि त्याचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम.

आता उत्तर बघ, खरी गंमत तिथे आहे. मुलगा म्हणतो, ‘दुकान बंद होतं.’ ‘नाही’ तो म्हणालाच नाही, तरी आईला कळलं. हे सूचित, म्हणजे न बोलता पोचलेला अर्थ. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांची कसोटी अशी, की सूचित अर्थ मागे घेता येतो. ‘दुकान बंद होतं, पण शेजारच्या काकूंकडून आणलं’ यात काही विसंगत वाटतं का? नाही ना? मग तो अर्थ शब्दांत नव्हताच.

गृहीत, म्हणजे वाक्यानं आधीच खरी धरलेली गोष्ट, मात्र याहून चिवट. ‘आजही विसरलास का?’ याला ‘हो’ म्हण नाहीतर ‘नाही’, आधी कधीतरी विसरल्याचं तू मान्य करूनच बसतोस. नवशिके इथेच हमखास गल्लत करतात, म्हणून दोन्ही उत्तरं प्रत्येक वेळी देऊन बघ. आणि उदाहरणं मनानं रचू नकोस; घरात, बसमध्ये कानावर पडलेली घे, विचारणाऱ्याच्या स्वरासकट.