जिनिंगमधला दम : दावा अपघाताचा करावा की व्यवसायजन्य रोगाचा?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे. अप्पांनी जळगाव जिल्ह्यातील जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) 14 हंगाम काम केले. फेब्रुवारी 2025 मध्ये कामावर असताना दम लागून ते खाली बसले आणि त्या दिवसापासून त्यांचे काम सुटले. मालक म्हणतो की अपघात झालाच नाही, हा बिडीचा दमा आहे. वकिलांनी अर्जाच्या मसुद्यात ‘कापसाच्या गाठीचा धक्का लागून छातीस इजा’ असे लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की त्या मसुद्यावर अप्पांची सही घेऊ नये.

असा एक दावा बुडताना मी जवळून पाहिला आहे. त्या कामगाराच्या अर्जात पडून मार लागल्याची तारीख होती. उलटतपासणीत मालकाच्या वकिलाने मुकादमाची हजेरीवही उघडली, तर त्या दिवशी पूर्ण पाळी भरलेली निघाली. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी पहिल्याच ओळीत ‘दोन वर्षांपासून दम लागतो’ असे लिहिले होते. रोग खरा होता, काम खरे होते, पण अर्जातली गोष्ट खोटी ठरली आणि तिच्यासोबत सगळेच गेले.

मुळात अशी बतावणी करण्याची गरजच नाही. कर्मचारी भरपाई कायदा, 1923 च्या कलम 3 मध्ये दोन स्वतंत्र वाटा आहेत. पहिली अपघाताची, तीत कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली हे कामगाराला दाखवावे लागते. दुसरी रोगाची, तिसऱ्या अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत) दिलेला रोग त्या कामात जडला, तर कायदा त्यालाच अपघाती इजा मानतो आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकतो. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, म्हणजे बिसिनोसिस, याच अनुसूचीच्या ‘क’ भागात आहे. बिडीने हा विकार बळावतो हे खरे, पण बिडी ओढत होते एवढे म्हटल्याने मालकाचा भार उतरत नाही. अनुसूचीत नसलेला आजार असता, तर तो एखाद्या ठरावीक अपघातातूनच थेट उद्भवला हे दाखवावे लागले असते; ती वाट फार अवघड आहे आणि अप्पांना तिच्यावरून जाण्याचे कारण नाही.

खरी अडचण हंगामाची आहे, आणि मालकाचा वकील ती नक्की काढील. ‘क’ भागातील रोगासाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या मुदतीइतकी सलग नोकरी लागते, आणि आपल्याकडे जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात बंद पडते. सलगपणा तुटला असे धरले गेले तरी दावा संपत नाही. कलम 3(2अ) प्रमाणे कमी मुदतीतही भरपाई मिळते. फरक इतकाच की रोग कामामुळेच झाला हे मग आपल्याला सिद्ध करावे लागते. म्हणून अर्जात दोन्ही मुद्दे पर्यायाने मांडावेत. अप्पांनी मधले हंगाम दुसऱ्या जिनिंगमध्ये केले असतील तर तेही लपवू नयेत, कारण ‘क’ भागात एकाहून अधिक मालकांकडची नोकरी धरली जाते.

पुराव्यात सर्वांत मोलाची गोष्ट अप्पांच्या तोंडीच असेल. या विकारात आठवडी सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. धुळीत काम करणारी आपली माणसे सहज सांगतात, ‘सुट्टीना दुसरा दिवस छाती भरी येस’, आणि डॉक्टर ते ‘दमा’ या एका शब्दात उरकतात. सुट्टीनंतर वाढणारा आणि हंगाम बंद असताना उतरणारा त्रास कोणत्या वर्षापासून आहे, हे छातीच्या डॉक्टरांना तपशिलाने सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खचू नये. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारखी ठळक खूण या विकारात एक्स-रेवर दिसत नाही. फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी.

तारखेचा प्रश्नही येथेच सुटतो. रोगाच्या दाव्यात, त्या रोगामुळे आलेल्या सलग गैरहजेरीचा पहिला दिवस हीच अपघाताची तारीख मानली जाते. दाव्याची मुदत त्या दिवसापासून 2 वर्षे, म्हणजे फेब्रुवारी 2027 पर्यंत. 1923 च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असली, तरी अप्पांची गैरहजेरी तिच्या आधीची असल्याने हक्क जुन्या कायद्याखालीच मांडावा. मात्र अप्पांकडे ई.एस.आय.चे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) कार्ड असेल तर भरपाई कायद्याखाली दावा चालणार नाही. तेव्हा मागणी त्या महामंडळाकडे करावी लागेल.

रकमेबाबत एक उदाहरण देतो. वय 50 पूर्ण आणि मासिक वेतन 12,000 रुपये धरले, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाचे 60 टक्के, म्हणजे 7,200, गुणिले 153.09 (त्या वयासाठी कायद्यात दिलेला गुणक), असे 11,02,248 रुपये होतात. कमाईची क्षमता 40 टक्के गेली असे ठरल्यास सुमारे 4,40,900. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात केवळ फुप्फुस किती टक्के निकामी झाले एवढेच नको. धुळीतले आणि ओझ्याचे काम अप्पा पुन्हा करू शकतील का, आणि त्यांची कमाईची क्षमता किती टक्के गेली, हे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिलेले असावे.