लेकीच्या घोड्यापायी घर गहाण टाकावं का?

साखळीहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ५२. २०१२ पर्यंत खाणीवर दोन टिप्पर होते, आता हार्डवेअरचं दुकान आहे. लेक २० वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन उन्हाळे घोडेस्वारी शिकली आणि आता कॉलेज अर्धवट सोडून ब्रिटनला अश्व व्यवस्थापनाची तीन वर्षांची पदवी करायची म्हणते. फी, राहणं, विमान धरून खर्च ४८ लाख. एफडी १८ लाख, पीपीएफ ७ लाख, महिन्याला २५ हजार शिल्लक. धाकटा दहावीत. घर आणि त्याला लागून असलेलं कुळागर (माड-पोफळीची बाग) तारण ठेवलं तर बँक ३० लाख द्यायला तयार आहे. ‘देऊ का?’ एवढाच प्रश्न.

घर तारण ठेवू नका. पण म्हणून लेकीला ‘घोडे विसर’ असं सांगायला जाल, तर तेही मला पटणार नाही.

आधी हिशेब. दरवर्षी १० लाख असे तीन वर्षं उचललेत, व्याज १० टक्के धरलं, शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत मिळाली, तर पहिला हप्ता येईपर्यंत नुसतं सरळ व्याजच ९ लाख होतं. म्हणजे फेडायचे ३९ लाख. पंधरा वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण ४२ हजार. तुमची शिल्लक २५ हजार. उरलेले १७ हजार लेकीने पाठवायचे, तेही तुम्ही ५६ चे असताना सुरू करून ७१ चे होईपर्यंत. एफडी तोवर संपलेली असेल, कारण ४८ मधले उरलेले १८ तिथूनच जाणार. धाकट्याचं काय, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही.

तिला तिथेच नोकरी लागेल, असं एजंटने सांगितलं असणार. ब्रिटनने जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी काम पदवीच्या पातळीचं हवं आणि पगार सर्वसाधारणपणे वर्षाला ४१,७०० पौंड हवा, असं केलं आहे. तबेल्यात नव्याने लागलेल्या माणसाला एवढा पगार कोण देतो? शिक्षणानंतर राहायला मिळणारा काळही पदवीधरांसाठी दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला आहे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो लागू. तेव्हा ती परत येणार असं धरूनच चला.

परत येऊन कुठे? गोव्यात रेसकोर्स नाही. आपल्याकडे डिचोली-सत्तरीत घोडा म्हटला की शिगम्यातला घोडेमोडणीचा नाच. तो घोडा कमरेला बांधायचा, त्याला चंदी लागत नाही. खरा घोडा खातो. साडेचारशे किलोच्या जनावराला दिवसाला नऊ-दहा किलो सुकी वैरण लागते. ‘पुढे साखळीतच रायडिंग स्कूल काढू’ असं तुम्ही लिहिलंय. चार घोडे धरले तर वर्षाला १३ ते साडेचौदा टन वैरण झाली, आणि चांगली वैरण घाटावरून आणायची. वर पावसाळ्याचे चार महिने: मैदान चिखल, गिऱ्हाईक नाही, खुरं ओलीने कुजतात, खाणं मात्र चालूच. तो बेत सध्या बाजूला ठेवा.

म्हणजे काम मिळणार ते शर्यतीच्या घोड्यांचं, पुण्या-मुंबईला, बंगळूरला, हैदराबादला, नाहीतर स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे. आणि इथे, तुम्ही टिप्परवाले होतात म्हणून, तुम्हाला जास्त समजावं लागणार नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तुमच्या गाडीत काही बिघाड नव्हता, ड्रायव्हरही तोच होता. बंद पडली ती वर कुठेतरी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझ रद्द केल्या तेव्हा पुन्हा तेच. शर्यतीचा धंदाही असाच दोन खुंट्यांवर टांगलेला आहे, जागेची लीझ आणि पैजेवरचा कर. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर पार्कसाठी पालिकेकडे गेले. चेन्नईत गिंडी रेसकोर्सची जागा २०२४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. मालकाला, ट्रेनरला, तबेल्याला जो पैसा मिळतो त्यातला बराचसा पैजेतूनच फिरत येतो. धंदा उद्या बुडेल असं मी म्हणत नाही. पण ज्याचा मीटर दुसऱ्याच्या हातात, त्याच्यावर राहतं घर लावायचं नाही, हे तुम्ही एकदा पैसे मोजून शिकला आहात.

मग काय करायचं? शर्यत असो-नसो, जे काम घोड्याला लागतंच ते शिकायचं. घोडा जिंको की हरो, चार-सहा आठवड्यांनी नालबंद बोलवावाच लागतो. घोडी अकरा महिन्यांनी विते, तेव्हा रात्रभर जागणारं जाणतं माणूस लागतं. पोटशूळ उठला तर तो आधी ओळखणारा लागतो.

एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी मी पुण्याजवळच्या एका तबेल्यात पहाटे साडेचारला उभा होतो. एक म्हातारा मोतद्दार एकेका घोड्याच्या पुढच्या पायावरून, गुडघ्यापासून खाली, उघडा तळहात फिरवत चालला होता. चौथ्या घोड्यापाशी थांबला, पुन्हा फिरवला आणि म्हणाला, ‘गरम आहे, आज काढायचा नाही.’ मला हात लावून काही कळलं नाही. शेजारी तुमच्या लेकीच्याच वयाची एक मुलगी गमबूट घालून लीद भरत होती. तिने हात लावला, तिलाही कळलं नाही. चार महिन्यांनी तिला कळायला लागलं, असं पुढे ऐकलं. पहिल्या वर्षी तिला खोली आणि १८ हजार मिळत होते.

तेव्हा क्रम असा ठेवा. बी.एस्सी. पुरी होऊ दे, ती मधे सोडायचं काही कारण नाही. सुट्टीत महिनाभर आणि पदवीनंतर अख्खं वर्ष तबेल्यात किंवा स्टड फार्मवर. घोड्यावर बसायला नव्हे, खरारा करायला. तुम्ही महिन्याला १० हजार पाठवलेत तरी वर्षाला एक लाख वीस हजार. त्यानंतरही तिला तेच हवं असेल, तर आयर्लंडमध्ये किल्डेअरच्या आयरिश नॅशनल स्टडचा सुमारे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. जानेवारीत, घोड्या विण्याच्या हंगामात सुरू होतो, हाताने काम करतच शिकवतात. गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट नावाचा दोन वर्षांचा कार्यक्रम आहे, सगळा खर्च तेच करतात, पण जगभरातून दरवर्षी मोजून बाराजण घेतात. अर्ज करायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका. ‘नीट’ देऊन पशुवैद्यकाची साडेपाच वर्षं काढायची तयारी असेल तर माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत पक्का रस्ता, पण तुम्ही लिहिता तिला डॉक्टर व्हायचं नाही, विषय संपला.

यासाठी एफडीतले ८ लाख तिच्या नावे वेगळे काढा. ४ लाख दुकान-घराच्या अडीअडचणीला, ६ धाकट्याला. पीपीएफला हात नाही. कमी पडलं तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेत तो अभ्यासक्रम बसतो का ते जाऊन विचारा. बँकेकडे गेलात तर साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा मालमत्ता तारण लागत नाही.

आणि विमा. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या दीन दयाळ कार्डावर विसंबून तिला तबेल्यात पाठवू नका. गोव्याबाहेर पडायच्या आधी तिच्या नावाची पॉलिसी हवी. आरोग्य विम्याच्या वगळलेल्या गोष्टींत व्यावसायिक म्हणून केलेले धोक्याचे खेळ असतात आणि त्यात घोड्यांच्या शर्यतीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. तबेल्यातली नोकरी त्यात मोडते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. तोंडी नको.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, मला तीच जास्त खटकली: घर-कुळागर ‘अजून आजोबांच्या नावावर’. म्हणजे इन्व्हेंटरी, वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली प्रक्रिया, झालेली नाही. आपल्या नागरी कायद्यात आजोबांच्या सगळ्या वारसांचा, तुमच्या भाऊ-बहिणींसकट, हक्क आहे, त्यांच्या नवरा-बायकांच्याही सह्या लागतील. बँकेचा माणूस ‘देतो’ म्हणाला तो कागद न बघताच म्हणाला असणार. कर्ज घ्या वा न घ्या, हे काम चवथीच्या आधी हातात घ्या. सगळी भावंडं घरी जमतात ती तेव्हाच. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढून त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते मला कळवा.