लॉकप्लेटचा राखाडी रंग: घासायचं किती?
पेन्सिल्व्हेनियाच्या जुन्या धर्तीची फ्लिंटलॉक (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी बंदूक) पहिल्यांदाच बांधतोयस, तर लॉकप्लेट, म्हणजे ठिणगीची यंत्रणा जिच्यावर बसते ती पोलादी पट्टी, आरशासारखी करायच्या मागे लागू नकोस. 320 च्या पॉलिश पेपरपर्यंत घास, पुरे. मग ॲसिटोनने पूस आणि पुन्हा बोट लावू नकोस. माझ्या पहिल्या प्लेटवर अंगठ्याचा ठसा अजून दिसतो! कोल्ड ब्लू (पोलाद न तापवता काळं करणारं रसायन) लाव, धू, वाळव, आणि तेल लावलेल्या बारीक स्टील वूलने तो काळा रंग हलक्या हाताने उतरव. सपाट भाग राखाडी होतो, कोरलेल्या नक्षीच्या खाचांत काळं राहतं. खरी मजा तिथेच. जोर लावलास तर तेही निघून जातं. स्प्रिंगा आणि फ्रिझनची (ठिणगी पाडणारा पोलादी तुकडा) गारगोटी आदळते ती बाजू यांना मात्र हे रसायन अजिबात लावायचं नाही. शेवटी तेलाचा हात फिरव, दमट हवेत राखाडी पोलाद पटकन गंजतं.