वांग्याला बांधलेली चिंधी

पोरी,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज वाचला आणि मग झोप काय लागली नाही. युद्धाच्या काळातल्या घरच्या परसबागेचं लिहायला घेतलंस आणि ती नेमकी कुठल्या युद्धातली यावर अडकलीस. आजी म्हणते दुसरं महायुद्ध, आत्या म्हणते पासष्ट, काकू म्हणते छे छे एकाहत्तर, ब्लॅकआउट होता मला चांगलं आठवतंय, आणि म्हणून तू म्हणतीस काका प्रत्येकाचं वेगळंच आहे तर लिहू कशाला. अगं असं कसं सोडतीस?

तू विचारलंस चुकीचं, एवढंच. "तेव्हा कसं वाटायचं" असं विचारलं की माणूस लई हाल काढले बाई आम्ही म्हणतं आणि विषय संपतो. कसं केलं ते विचार. पाणी कुठनं आणलं, बी कशात ठेवलं, झाडावर मावा, ती बारकी कीड, पडला तर काय टाकलं. हातानं काय केलं ते माणूस सहसा विसरत नाही, साल विसरतं.

आणि साल त्यातनंच सापडतंय बघ. तुझी आजी माहेरची कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. तिनं मला स्वतः सांगितलंय, डोक्यावर भोपळे घेऊन आईबरोबर युद्धात आलेल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पावर जायची, गोऱ्या बायका बोटं दाखवून भाव करायच्या, बरॅकीपुढं त्यांनी फुलझाडं लावलेली. तो कॅम्प १९४३ ते १९४८, पाचेक हजार माणसं होती, बहुतेक बायका आणि पोरं, आजचं गांधीनगर ते तिथंच. मग आजीची बाग त्या काळातली, वाद कशाला? १९४२ ला जपाननं रंगून घेतलं, ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला आणि सरकार अधिक धान्य पिकवा म्हणून मागं लागलं, पण आजीला हे विचारू नको, तिला भोपळ्याचं विचार.

आत्याचं पासष्टचं आहे. सोमवारी रात्री चूल पेटायची नाही असं ती म्हणाली ना, ते पंतप्रधान शास्त्रीजींचं. आठवड्यातनं एक वेळचं जेवण सोडा म्हणाले आणि स्वतःच्या बंगल्यातल्या हिरवळीवर नांगर धरला त्यांनी. मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी, खाल्ली असं कोण म्हणालं तर मात्र ते बहुतेक बहात्तरच्या दुष्काळातलं, ते युद्धात मिसळू नको. आणि काकू एकाहत्तरला मुंबईत लालबागला चाळीत होती, लग्न व्हायचं होतं तिचं. ब्लॅकआउट तिनं तिथं बघितला आणि परसबाग इथं सासरी आल्यावर, दोन्ही एकात एक मिसळलंय. खोटं कोण बोलत नाही गं. पण तू विचारलंस का, अंधारात पाणी कसं घालायचा म्हणून? विचारलं असतंस तर तिथंच उलगडलं असतं.

मी पासष्टला दहा वर्षांचा. मंगळवार पेठेत आमच्या घरामागं परस होता, दोन खाटा मावतील एवढा. मोरीचं पाणी चर काढून आळूला, तिथनं पुढं केळीला. कुंपणावर दोडका आणि घेवडा, मधी वांगी. राख टाकायचं काम माझं. सकाळी पानावर दव असतानाच टाकायची, म्हणजे चिकटते, ऊन झाल्यावर टाकली तर वाऱ्यानं जाते आणि आई पाठीत धपाटा घालायची. हे मला अजून येतंय कारण मी स्वतः केलंय. आज सुद्धा गच्चीवर कुंडीतल्या घेवड्याला मी तसंच करतो.

पण वांग्याचं सांगतो. आई पहिल्या चांगल्या वांग्याला लाल चिंधी बांधायची, जुन्या खणाची. म्हणजे कुणी तोडायचं नाही, ते बियाला. भाजीला काही नसलं तरी त्या वांग्याला हात लावायची नाही, एकदा मी तोडलं तर दिवसभर बोलली नाही माझ्याशी. ते झाडावर पिवळं पडायचं, मग चुलीवर धुरात दोऱ्याला टांगलेलं मी बघितलंय, सुरकुतलेलं. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. किती दिवस टांगायची, बी धुवायची का नाही, राखेत ठेवायची का फडक्यात. काटेरी, बुटकं, देठापाशी जांभळं आणि खाली पांढरं वांगं होतं ते, परत कुठं मिळालं नाही मला. यूट्यूबवर बी काढायचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पिकलेलं वांगं पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं बी घ्या, सावलीत वाळवा. असेल बरोबर. आई तसं करायची का ते कुणाला विचारू?

आई १९९४ ला गेली. पासष्टपासनं एकोणतीस वर्षं होती माझ्याकडं आणि एक दिवस मी विचारलं नाही. माझा भाऊ म्हणतो तुला वेळ होता, रविवारी तालमीत बसायचास. अरे पण सहा दिवस उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला माणूस रविवारी काय वांग्याचं बी विचारत बसणार? दोन बहिणींची लग्नं काढली मी, घरावर स्लॅब टाकला, परसावर फरशी पण मीच घातली, पावसात चिखल व्हायचा आणि आईचा पाय घसरायचा म्हणून. ती नको म्हणत नव्हती. काहीच म्हणाली नाही खरं. तेव्हा तरी विचारायला पाहिजे होतं.

म्हणून तुझा राग आला मला रात्री. तुझ्याकडं तिघी आहेत, तिघी बोलतात, आणि तू सालावरनं बंद करतीस. कुठलं साल, कुठलं युद्ध हे नंतर कुणीही जुळवून देईल, मी देतो. कसं केलं ते तिघींशिवाय कोण देणार नाही तुला. आणि घरात बसून विचारू नको, आजीला अंगणात ने, हातात खुरपं दे, मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव आणि गप्प बस. तू मधी लई बोलतीस.

आत्याकडं रविवारी जाणारेस म्हणालीस. तिच्या घरचा परस आमच्या परसाला लागून होता आणि आई तिला दरवर्षी बी द्यायची हे मला पक्कं आठवतंय. तिला चिंधीचं विचार. वांगं किती दिवस टांगायचं ते विचार, आणि बी कशात बांधून द्यायची ते. मग किती का वाजलेले असेनात, मला फोन कर.

तुझा काका