भूतानमध्ये राजा आहे, मग तिथे पक्ष आणि निवडणुका कशाला?

कारण राजानेच त्या आणल्या. जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी राज्यघटनेचं काम सुरू करून दिलं, 2006 मध्ये गादी मुलाला दिली आणि 2008 मध्ये पहिली निवडणूक झाली. बऱ्याच लोकांना तेव्हा पक्षबिक्ष नकोच होते!

गंमत निवडणुकीच्या पद्धतीत आहे. पहिल्या फेरीत मत पक्षाला द्यायचं. सगळ्यात जास्त मतं मिळवणारे दोनच पक्ष दुसऱ्या फेरीत जातात आणि 47 जागा लढवतात. त्यामुळे सभागृहात एक सत्ताधारी, एक विरोधी; तिसरा नाही, आघाडीचा प्रश्नच नाही. सत्तेतला पक्षसुद्धा पहिल्याच फेरीत घरी जाऊ शकतो, 2018 आणि 2023 मध्ये तसंच झालं. वरिष्ठ सभागृहात 25 सदस्य, त्यातले पाच राजा नेमतो. तिथे पक्षाला प्रवेशच नाही.

राजा नुसता शोभेचा आहे असं मात्र समजू नका, त्याचा शब्द अजूनही वजनदार आहे. पण त्याने परत पाठवलेलं विधेयक संसदेने संयुक्त बैठकीत पुन्हा मंजूर केलं, की सही करावीच लागते. शिवाय राजालाही 65 व्या वर्षी निवृत्ती आहे.