मुलगा सहावीत आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसतोय. द्रव्य, मिश्रण, आम्ल-आम्लारी (ॲसिड आणि बेस) सगळं पाठ आहे पण कळलेलं नाही. घरी शिकवायला सायन्स किट घ्यावं का?

किट घेऊ नका ताई. तुम्ही लिहिलंय की व्याख्या तोंडपाठ आहेत पण साबण आम्लारी कशावरून विचारलं की गप्प बसतो, तर यात पोराचा काही दोष नाही, त्याला आधी व्याख्या दिली आणि वस्तू दाखवलीच नाही. मी परळ भागातल्या एका शाळेत लॅब असिस्टंट होतो, अख्खी नोकरी त्या एका लॅबमध्ये गेली, आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे. तेव्हाही होतं आणि तेव्हाही मी ते बोलून दाखवलं होतं.

आमच्याकडे विज्ञानाला एक सर होते. हुशार माणूस, अक्षर सुंदर, फळ्यावर शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण पद्धत अशी की आधी वहीत निरीक्षण आणि निष्कर्ष दोन्ही उतरवून द्यायचे आणि मग प्रयोग करायचा, तोही सरांनी टेबलावर आणि पोरांनी बाकावरून मान उंच करून बघायचा. एकदा समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळं करायचं होतं. डिसेंबरचे दिवस. दोन मुलं सकाळी दादर चौपाटीवरून बाटली भरून घेऊन आली. मी ते पाणी फिल्टर पेपरमधून दोनदा गाळलं, वाळू आणि गाळ वर राहिला, खाली नितळ पाणी आलं. मग ट्रायपॉड, जाळी, चायना डिश म्हणजे चिनी मातीची बशी आणि खाली बर्नर. पाणी बरंच आटून तळाशी आलं की आधी एक पांढुरका थर धरतो, ते मीठ नसतं, ते जिप्सम, कॅल्शियमचा एक क्षार, मिठाच्या आधी तेच बाहेर पडतं. मीठ त्यानंतर येतं, आणि शेवटी शेवटी ते तडतडून उडायला लागतं तेव्हा बर्नर काढून घ्यायचा आणि उरलेलं डिशच्या उष्णतेवरच सुकू द्यायचं. मी शेजारी दुसरी डिशही लावली होती, तिच्यात लॅबच्या बाटलीतलं सोडियम क्लोराइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून तसंच आटवलं. दोन्हीकडे कोरडं पांढरं मीठ. दोन्ही डिश कपाटावर ठेवल्या आणि शाळा सुटली.

दुसऱ्या दिवशी बाटलीतल्या मिठाची डिश खडखडीत कोरडी आणि समुद्राच्या मिठाला पाणी सुटलेलं, बोट लावलं तर चिकट. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून आली, दोन्ही डिश बघितल्या आणि म्हणाली, काका, आपण तर सगळं पाणी उडवलं होतं ना, मग हे परत कुठून आलं?

एवढा चांगला प्रश्न त्या लॅबमध्ये क्वचितच कोणी विचारला असेल. सर म्हणाले डिश नीट सुकवली गेली नाही, वहीत दिलंय तेच ठेवा, "पांढरे कोरडे मीठ मिळाले". मी म्हणालो सर, दोन्ही सारख्याच सुकवल्या होत्या, समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली वाफ ओढून घेतं म्हणून हे ओलं झालंय. त्यावर सगळ्या वर्गासमोर मला उत्तर मिळालं, तुम्ही उपकरणं सांभाळा, शिकवायचं आम्ही बघतो. त्या मुलीने स्वतःच्या अक्षरात "ओले" लिहिलं होतं ते खोडरबराने खोडलं आणि "कोरडे" लिहिलं. माझा अपमान मी कधीच गिळला, पण ते खोडणं मला अजून सहन होत नाही.

कारण मिश्रण म्हणजे काय ते त्या ओल्या डिशमध्येच होतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यातलं तीन चतुर्थांशापेक्षा थोडं जास्त आपलं मीठ, बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार. म्हणजे "समुद्राचं पाणी म्हणजे मीठ अधिक पाणी" हे वाक्यच अर्धवट आहे आणि डिश ते सांगत होती. भांडुप, वडाळ्याच्या मिठागरातल्या लोकांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं, मीठ धरलं की उरलेलं दाट कडवट पाणी ते सोडून देत, मॅग्नेशियम त्यातच जातं, ते मिठावरच सुकलं तर मीठ सतत पाझरत राहतं. आणि मिश्रणातला प्रत्येक घटक आपला गुण सोडत नाही हे पोराला यापेक्षा चांगलं कुठे दिसणार? घरी दोन बशांत हेच करून बघा, फक्त पावसाळ्यात करू नका, हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा ओलं होतं, मग दोन्ही बशा सारख्याच दिसतील आणि पोरगा गोंधळेल.

आम्ल-आम्लारीचं घरातच होतं. फिल्टर पेपर नसेल तर टिपकागद घ्या, हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवा, पट्ट्या कापा. धुण्याच्या सोड्याचं पाणी लावलं की लालभडक, खायच्या सोड्याला जेमतेम केशरी, म्हणजे सगळे आम्लारी सारख्या ताकदीचे नसतात हे त्याला तुम्ही न सांगताच कळेल. पण हळद लिंबालाही पिवळी आणि साध्या पाण्यालाही पिवळीच राहते, तिला आम्ल ओळखता येत नाही, आणि नुसती हळद वापरून "पिवळं म्हणजे आम्ल" शिकवणारे मी बघितलेत, ते साफ चुकीचं आहे. त्यासाठी लाल जास्वंद आणा, दादरच्या फुलबाजारात मिळते, पाकळ्या गरम पाण्यात टाकून रंग उतरू द्या. लिंबू, चिंच, व्हिनेगरला तो गुलाबी-लाल होतो, साबणाच्या आणि सोड्याच्या पाण्याला हिरवट. आधी सगळ्या वाट्यांचे रंग त्याला वहीत लिहू द्या, आम्ल आणि आम्लारी हे शब्द नंतर सांगा.

व्हिनेगरमध्ये खडू टाकून बुडबुडे दाखवायला जाल तर बहुतेक काहीच होणार नाही, फळ्याचे खडू बरेचसे जिप्समचे असतात. चौपाटीवरचा शिंपला किंवा अंड्याचं कवच टाका, ते कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. स्थायू-द्रव-वायूसाठी वेगळं काही करायला नको, कपाटातली डांबरगोळी महिनाभर बघितली तरी पुरे, द्रव न होता लहान होत जाते.

परीक्षेचं म्हणाल तर बालवैज्ञानिक ही मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची, सहावी आणि नववीसाठी. लेखी पार केली की प्रॅक्टिकल असतं आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही, समोर ठेवलेलं बघून सांगावं लागतं. लेखीला कसे किती मार्क पडतील ते मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण घरच्या वहीत त्याने बशीत दिसलं तेच लिहिलं पाहिजे, पुस्तकात वेगळं असलं तरी आणि क्लासच्या सरांनी वेगळं सांगितलं तरी. सर म्हणाले चूक आहे तर सरांना म्हणावं चला परत करून बघू. जो शिक्षक परत करून बघायला तयार होत नाही त्याने विज्ञान शिकवू नये, मग तो कितीही सीनियर असो, हे मी आज निवृत्तीनंतर बिनधास्त लिहितोय.

हो, आणि एक राहिलं, चव घेऊन बघणं अजिबात नको. "आम्ल आंबट असतं" हे पुस्तकात असलं तरी चाखायचं फक्त ताटातलं. बाथरूमची फरशी धुवायचं ॲसिड आणि टॉयलेट क्लीनर यांना पोराचा हात लागू देऊ नका, त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. आम्लारी म्हणून पानाचा चुना वापरलात तर तो तुम्ही स्वतः कालवा, डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होते. गेलाच तर लगेच नळाखाली डोळा धरून बराच वेळ पाणी सोडायचं आणि तसंच डॉक्टरकडे न्यायचं.