डीसीटी गाडी आहे तर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, पण कंपनीचीच

खारघर ते महापे रोजचं जाणं-येणं, टर्बो पेट्रोल डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), रनिंग ३१ हजार किमी. पुढच्या महिन्यात तीन वर्षं पूर्ण होतायत आणि सर्व्हिस सेंटरवाले चौथ्या-पाचव्या वर्षाच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे २६ हजार मागतायत, ते भरावेत का, हा तुमचा प्रश्न. माझं मत, भरा. हीच गाडी साधी मॅन्युअल असती तर नको म्हणालो असतो.

मॅन्युअल पेट्रोलमध्ये चौथ्या-पाचव्या वर्षी काय निघतं? क्लचप्लेट, ब्रेक पॅड, बुश, लिंक रॉड, बॅटरी. आपल्याकडचे खड्डे खर्च काढतात तो इथेच, आणि झिजणारे पार्ट म्हणून यातलं बहुतेक वॉरंटीतून वगळलेलं असतं. डीसीटीत गिअर टाकायचं काम मेकॅट्रॉनिक युनिट करतं. ते गेलं की सहसा कोणी दुरुस्त करत बसत नाही, अख्खं बदलतात, आणि बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. रोजच्या ट्रॅफिकमध्ये गाडी फूट-फूट सरकवता तेव्हा क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. ड्राय क्लच असेल तर त्याला थंड करायला तेलही नसतं.

माझी गाडी एएमटी, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच-गिअरचं काम गाडी स्वतः करते. राहायला कासारवडवलीला. चौथ्या वर्षी भर पावसात गायमुखच्या चढावर ट्रकमागे थांबलो होतो. पुढे सरकायला गेलो तर डिस्प्लेवर नुसता न्यूट्रलचा 'एन' लुकलुकतोय, गिअर पडेचना. मागे हॉर्नचा गोंगाट, शेजारी घाबरलेली आई. गाडी टो करून न्यावी लागली. बिल हातात आलं तेव्हा गिअर अ‍ॅक्च्युएटरसमोर (गिअर टाकणारा भाग) शून्य होतं, वॉरंटी कामी आली. त्याच्याच खालच्या ओळीत क्लच सेट, मजुरीसकट पूर्ण माझ्या खिशातून. मी वाद घातला, पण वॉरंटीच्या पुस्तिकेत क्लच वगळल्याचं स्पष्ट छापलेलं होतं आणि मी ती कधी उघडलीच नव्हती.

म्हणून पैसे भरायच्या आधी पुस्तिका मागून घ्या. 'सर, सगळं कव्हर आहे' या तोंडी शब्दावर जाऊ नका. क्लच, मेकॅट्रॉनिक, टर्बो, एसी कॉम्प्रेसर, स्क्रीन, एकेक नाव बोट ठेवून शोधा. २६ हजारांत १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

पावती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वॉरंटीचीच हवी. काही डीलर स्वतःची योजना विकतात. ती अनेकदा त्यांच्याच वर्कशॉपपुरती असते, उद्या ते बंद झालं किंवा तुमची पुण्याला बदली झाली तर कुणाच्या दारात जाणार? कंपनीची वॉरंटी देशभर चालते आणि गाडी विकलीत तर सहसा नव्या मालकाच्या नावावरही होते.

नातेवाइकांचे जुने सल्ले मात्र तपासून घ्या. मारुतीची मूळ वॉरंटी आधी २ वर्षं किंवा ४० हजार किमी होती, जुलै २०२४ पासून ती ३ वर्षं किंवा १ लाख किमी झाली. त्या काळचा हिशेब आज लागू होत नाही.

तुंबलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं तर कुठलीही वॉरंटी उपयोगाची नाही. त्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्या, नवी मुंबईच्या पावसात ते मी सोडणार नाही. बाहेरून सीएनजी किट बसवलंत किंवा सर्व्हिस चुकवलीत तरी क्लेम अडतो. तुमचं रनिंग कमी आहे, त्यामुळे सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तारखेवर धरा.

आणि या महिन्यातच एक काम उरका. मूळ वॉरंटी संपायच्या आत गाडी लिफ्टवर चढवून घ्या, गिअरबॉक्सखाली तेलाचा ओलावा आहे का ते स्वतः बघा आणि पहिल्या गिअरला बसणारा धक्का, स्टिअरिंगचा आवाज, जे काही खटकत असेल ते जॉबकार्डवर लिहून घ्या. त्या कागदाची प्रत गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे तीच तक्रार पुन्हा आली तर ती वॉरंटीत असतानाच सांगितली होती, हे दाखवायला तुमच्याकडे पुरावा राहील.